सात पानांचा हार

लख्खकाकू हे नाव कुणी पाडलं यावर अजून एकमत नाही. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात आपण, काका म्हणतात आपण. काकूंना स्वतःला त्या नावाचा राग कधी आला नाही, उलट थोडा अभिमानच होता.

सव्वीस वर्षं त्यांनी एका इस्पितळात काढली, तीही रुग्णांच्या नजरेआड, तळघरातल्या हत्यारं धुण्याच्या खोलीत. वर शस्त्रक्रिया झाली की चिमटे, कात्र्या, सुऱ्या एका खिडकीतून रक्ताने माखलेल्या आत यायच्या आणि दुसऱ्या खिडकीतून चकचकीत होऊन बाहेर जायच्या. मधलं सगळं काकूंचं. प्रत्येक कात्री जोडापाशी उघडायची, फटीत बारीक ब्रश घालायचा, दिव्याखाली धरून भिंगातून बघायचं, मग वाफेच्या मशीनकडे द्यायची. डाग दिसला की परत पाण्यात, एवढा एकच नियम. इतक्या वर्षांत वरून हत्यारं परत आली ती फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा काकू रजेवर होत्या. हे त्या कुणी न विचारताही सांगायच्या.

निवृत्त झाल्यावर ते हात घराकडे वळले. नळ, कड्या, दिव्यांची बटणं, खिडक्यांच्या खोबणी, काही म्हणून सुटलं नाही. काका पाणीपुरवठ्याच्या पंपावर सकाळपाळीला असायचे. दुपारी घरी आले की म्हणायचे, "मी फार वेळ एका जागी बसत नाही बाबा. चुकून मलाही घासून उपडं घालून ठेवेल ही."

या घरात तीन वर्षांपूर्वी ताई राहायला आल्या. ताई म्हणजे काकांची मोठी बहीण. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, बोलणं मोजकं, चालणं सरळ. त्यांचे यजमान धातूचं काम करायचे. तांब्याचे दागिने घडवायचे, हार, कडी, कानातली. ते गेले आणि ताई मागची खोली घेऊन भावाकडे राहू लागल्या. वयाने मोठ्या असूनही त्या काकूंना वहिनीच म्हणायच्या. दोघींचं कधी वाजलं नाही, पण सूतही जुळलं नव्हतं. एक जण चहा ठेवायची, दुसरी कप विसळायची, आणि "राहू दे, मी करते" यापलीकडे फारसं बोलणं जायचं नाही.

ताईंचे डोळे अधू होत चालले होते. पेपर नाकाला लावून वाचायच्या. शेवटी मोतीबिंदू काढायचं ठरलं. डोळ्यांचा दवाखाना त्यांच्या मुलीच्या घराजवळ होता, म्हणून दहा-बारा दिवस त्या तिकडेच राहणार होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "वहिनी, खोलीवरून जमलं तर एक फडका फिरव."

फडका फिरवायला सांगणं आणि तेही काकूंना! दुसऱ्याच दिवशी त्यांनी पदर खोचला. पुस्तकं पुसली, पृथ्वीचा गोल पुसला, खिडकीची जाळी काढून धुतली. मग आरशापाशी आल्या. तिथे खिळ्याला ताईंचा हार टांगलेला होता. तांब्याची सात पानं, मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंना लहान लहान होत गेलेली. ताई बाहेर जाताना तो घालायच्या. काकूंनी तो तीन वर्षं पाहिलेला होता, पण हातात आज पहिल्यांदा घेतला. पानांच्या खाचाखाचांत काळं बसलेलं. कडांना काळं, देठांना काळं, मागूनही काळं.

'अगंबाई,' त्यांना वाटलं, 'दिसत नाही ना बिचारीला. इतका मळ साचला तरी कळलं नाही. परत येईल तेव्हा बघेल तरी.'

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी एक लिंबू चिरलं, फोडीवर मीठ घेतलं आणि पहिलं पान चोळलं. काळं असं भराभर सुटलं की त्यांना हुरूपच आला. जे खाचांत उरलं त्यासाठी हार वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने तळापर्यंत गेल्या. पाव तासात सातही पानं नव्या पैशासारखी गुलाबी झाली. काकूंनी हार खिडकीत धरला. एक डाग म्हणून नव्हता.

काका दुपारी आले तेव्हा त्यांनी तो कौतुकाने पुढे केला. काकांनी चपला काढता काढता पाहिलं आणि एक पाय चपलेतच राहिला.

"हा ताईचा हार?"

"ओळखू येत नाही ना!"

"हा काळा होता."

"होता. आता नाही."

काका खुर्चीत बसले. "अगं, ते काळं भावोजींनी मुद्दाम आणलं होतं. त्यांचा पाय मोडला होता तेव्हा दोन महिने पलंगावर बसून हा हार केला त्यांनी. घडवायला लागले नसतील तेवढे दिवस त्या रंगाला लागले. जुना दिसावा, पानाच्या शिरा उठून दिसाव्यात म्हणून."

काकूंना आधी ते खरंच वाटेना. मुद्दाम कोण कशाला काळं करेल? त्यांनी हार परत उचलला. गुलाबी, गुळगुळीत, बाजारात ढिगाने मिळतो तसा. मघाशी ज्या पानांवर काहीतरी चाललेलं होतं, तिथे आता नुसता चपटा पत्रा होता.

"आता?" त्या म्हणाल्या.

"आता ताई येईल तेव्हा सांग," काका म्हणाले. सांगणं त्यांच्याकडे नव्हतं, त्यामुळे त्यांना ते सोपं वाटत होतं.

काकूंनी हार जिथल्या तिथे टांगून ठेवला. ताई आल्या त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू. घरात शिरून त्यांनी चष्मा काढला आणि सगळीकडे बघतच राहिल्या. पडदे निळे होते, ते म्हणे त्यांना राखाडी वाटायचे. भिंतीवरचा ओलीचा डाग त्यांनी पहिल्यांदा पाहिला. भावाकडे वळून म्हणाल्या, "अरे, किती पिकलायस रे तू! मला कुणी सांगितलंच नाही."

मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि आतून हाक आली, "वहिनी, इकडे ये, लवकर ये."

काकू दारापर्यंत गेल्या. ताई आरशासमोर हार हातात घेऊन उभ्या होत्या.

"बघ ना, हासुद्धा कसा झळझळतोय! म्हणजे काय काय साचलं होतं गं माझ्या डोळ्यांत. तांबं असं दिसतं हे मी विसरूनच गेले होते."

हीच वेळ होती. काकूंनी तोंड उघडलं. पण ताईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ताईंनी त्यांना आपणहून खोलीत बोलावलं होतं.

"हो ना," काकू म्हणाल्या.

मागे दिवाणखान्यात काका मोठ्याने खाकरले.

त्या दोन शब्दांनी काकूंचं सगळं अवघड करून टाकलं. ताई हार शिंपीणबाईंना दाखवून आल्या. डॉक्टरांना दाखवायला घालून गेल्या. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून बघायच्या. काकूंना घास गिळवेना. काकांनी एकदा विचारलं, "सांगितलंस?" आणि काकू त्यांच्यावरच खेकसल्या, "पानात वाढलंय ते गार होतंय."

कदाचित अशीच गोष्ट मिटली असती. पण चौथ्या दिवशी ताई खिडकीपाशी हार घेऊन बसल्या होत्या, आणि काकू कपडे घड्या करत होत्या. ताई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एक कळत नाही बघ. या पानांना शिरा होत्या. मी यांना नेहमी म्हणायचे, शिरा बघितल्या की पान आत्ता झाडावरून पडल्यासारखं वाटतं. आता एवढं स्वच्छ दिसतंय तर शिरा दिसतच नाहीत. म्हणजे मला तेव्हा भास व्हायचा की काय? अंधूक दिसायचं म्हणून मीच काहीतरी मनाने भरून घेत होते?"

त्या हसल्या, पण ते हसणं नीट उमटलं नाही. काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आपण हार खराब केला इथपर्यंत ठीक होतं. पण ही बाई आता आपल्या नवऱ्याच्या हातावरच शंका घेऊ लागली होती, आणि ती काकूंच्या 'हो ना'मुळे.

तरी सांगायच्या आधी काहीतरी उपाय हाताशी असावा असं त्यांना वाटलं. ताईंच्या यजमानांनी एका मुलीला काम शिकवलं होतं. ती आता चाळिशीची होती, दोन गल्ल्या पलीकडे तिचं स्वतःचं दुकान होतं आणि सगळे तिला उस्ताद म्हणायचे. काकू दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन निघाल्या त्या थेट तिच्या दारात.

उस्ताद लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून ठोकत होती. बोटांची टोकं काळी, कानात एक लहानसं तांब्याचं फूल. काकूंचं सगळं बोलणं तिने हातोडी न थांबवता ऐकून घेतलं. लिंबू आणि मीठ म्हटल्यावर मात्र हातोडी थांबली.

"व्हिनेगरमध्ये किती वेळ होता?"

"पाच मिनिटं. ब्रशनेही घासला."

"काकू, तुम्ही काम चोख करता हे मानायला पाहिजे," उस्ताद म्हणाली. मग तिने एक स्टूल ओढून दिलं. "बसा. घाबरू नका, तांबं कुठे जात नाही. काळं परत आणता येतं. आम्ही इथे गंधकाचं द्रावण वापरतो, ते घरात नको. तुम्ही उकडलेल्या अंड्याने करा. पिवळ्या बलकात गंधक असतोच. गरम अंडं कुस्करून बरणीत तळाला टाकायचं, वर दोऱ्याने हार लोंबता ठेवायचा, अंड्याला टेकू द्यायचा नाही, झाकण घट्ट लावायचं. चार-पाच तासांत रंग धरतो. मग वर आलेला भाग मऊ फडक्याने हलकेच घासून उजळायचा. खाचांतलं काळं तसंच ठेवायचं."

काकूंचा जीव भांड्यात पडला. "एवढंच?"

"एवढंच. पण किती काळं करायचं? मधलं पान जास्त गडद होतं की कडेची? शिरा उजळ होत्या की शिरांच्या मधलं?"

काकूंनी आठवून पाहिलं. तीन वर्षं तो हार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्या दिवशी त्यांनी तो पाव तास हातात धरला होता, एकेक खाच ब्रशने चाचपली होती. तरी एक पान त्यांना धड आठवेना.

"मला फक्त मळ दिसला," त्या हळूच म्हणाल्या.

फळीखालच्या डब्यातून उस्तादने तांब्याच्या पत्र्याचे चार-पाच तुकडे काढून त्यांच्या पिशवीत टाकले. "आधी यांच्यावर हात बसवा. आणि रंग कसा होता ते जिला माहीत आहे तिला विचारा. मी सांगू शकणार नाही. सरांनी तो हार कधी दुकानात आणलाच नाही."

त्याच दुपारी काकू ताईंच्या खोलीत गेल्या. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, लिंबापासून 'हो ना'पर्यंत. मधे थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता.

ताईंनी खिळ्यावरचा हार काढून हातात घेतला.

"म्हणजे डोळ्यांनी नाही झालं हे."

"नाही."

"आणि शिरा होत्या."

"असणारच. मी घालवल्या."

ताईंनी हार खणात ठेवला आणि खण लावून घेतला. मग शाळेत वर्गाशी बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "घासलास ते मी समजू शकते. तुझा स्वभावच आहे. पण मी तुला मुद्दाम बोलावून दाखवलं, आणि तू 'हो ना' म्हणालीस. मी चार दिवस गावभर सांगत फिरले. ते मला जास्त लागलं, वहिनी."

"चुकलंच माझं, ताई."

"हो. चुकलं."

पुढचे दोन दिवस घरात 'हं' आणि 'नको' एवढेच शब्द ऐकू आले. काकूंनी मनधरणी केली नाही. त्यांनी तुकडे काढले आणि ओट्यावर बरणी मांडली. पहिला तुकडा अंड्याला टेकला आणि त्यावर कुत्र्याच्या पाठीवर असतात तसे चट्टे उठले. दुसरा चांगला काळा झाला, पण मधोमध काकूंच्या अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता, रेघारेघांसकट. हाताला तेल असतं आणि तिथे रंग धरत नाही, हे तेव्हा कळलं. मग त्यांनी तिसरा तुकडा साबणाने धुतला, कडेला धरून पुसला आणि इस्पितळात घालायच्या तसे हातमोजे घातले. घरभर अंड्यांचा वास कोंडला. काका नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "यातलं एखादं आम्हाला खायला मिळणार आहे, की सगळी तांब्याचीच?"

तिसरा तुकडा तपकिरी होत होत छान काळा झाला. काकू तो फडक्याने उजळत असताना मागून आवाज आला.

"फार काळा केलास. असा नव्हता."

ताई दारात उभ्या होत्या. काकूंनी तुकडा त्यांच्या हातात दिला. ताईंनी तो उजेडात फिरवला.

"यात निळसर झाक आहे. त्याची तपकिरी होती. भाजलेल्या कॉफीसारखी. आणि फक्त मधल्या पानाच्या देठाशी अगदी काळं. तिथे डाग देऊन सांधलं होतं, तो जोड दिसू नये म्हणून."

"मग बरणीतून लवकर काढायला हवा," काकू म्हणाल्या. "तपकिरी आधी येतं, काळं मागून."

ताईंनी तुकडा ओट्यावर ठेवला. मग आत गेल्या आणि खण उघडल्याचा आवाज आला.

ती दुपार दोघींनी ओट्यापाशी काढली. सोडा लावून हार धुतला, आधीचं आंबट कुठे राहायला नको म्हणून. कोरडा केला. दोऱ्याला बांधून बरणीत सोडला. मग समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्या आणि बरणीकडे बघत राहिल्या. दर पंधरा मिनिटांनी ताई वाकून बघायच्या, "अजून नाही." मधल्या वेळात त्या बोलत राहिल्या. पाय प्लास्टरमध्ये आणि मांडीवर फळी घेऊन यजमान कसे ठोकत बसायचे, त्या ठोकण्याने शेजारच्या घरातलं बाळ उठायचं आणि बाळाची आई भांडायला यायची, शेवटी तिलाच एक कडं करून दिलं तेव्हा गप्प बसली. पाचव्या पानाची एक शीर वाकडी गेली होती. ते पान त्यांना बदलायचं होतं आणि ताईंनी बदलू दिलं नव्हतं. काकूंनी तीन वर्षांत ताईंच्या तोंडून एवढे शब्द ऐकले नव्हते.

"आता काढ," ताई अचानक म्हणाल्या. "आत्ता, आत्ता!"

काकूंनी झाकण उघडलं. वासाने दोघींनी एकदमच तोंड फिरवलं आणि दोघींना हसू आलं. हार धुतला, टिपला. मग ताई सांगत गेल्या आणि काकू फडक्याच्या टोकाने एकेक शीर उजळत गेल्या. इथे थोडं अजून. नाही, पुरे. कडेला राहू दे. हातांना थांबायची सवय नव्हती. काकूंना दर वेळी वाटायचं, आणखी एक हात फिरवावा. ताई मनगटावर बोट ठेवून थांबवायच्या.

सातवं पान झालं तेव्हा ताईंनी हार खिडकीत धरला. पाचव्या पानाची वाकडी शीर दिसत होती.

"हे त्यांच्यासारखं नाही झालं," त्या म्हणाल्या. "तिसरं पान जरा जास्त गडद आहे. देठाशी काळं कमी पडलं."

काकू मान खाली घालून फडका धुऊ लागल्या.

"पण शिरा होत्या," ताई म्हणाल्या. "मी म्हणत होते ना, होत्या."

त्यांनी हार गळ्यात घातला आणि संध्याकाळी तो घालूनच दूध आणायला गेल्या. शिंपीणबाईंनी जिन्यात अडवून विचारलं, "अहो ताई, पुन्हा काळा कसा झाला?" ताईंनी खरं काय ते सांगितलं, काहीही न लपवता. काकूंना आठवडाभर जिना चढताना मान वर करवेना. पण त्याच आठवड्यात शिंपीणबाई आपली कानातली घेऊन वर आल्या. "जरा बघता का? मी टूथपेस्ट लावणार होते, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"टूथपेस्ट?" काकू ओरडल्याच. "खरवडून काढायचीत का ती?"

तेव्हापासून बुधवारची दुपार ठरून गेली. इमारतीतल्या, मग गल्लीतल्या बायका डब्यांतून, रुमालांतून तांब्याचे दागिने घेऊन येतात. काकू आधी प्रत्येक दागिना खिडकीत नेऊन नुसता बघतात, उलट सुलट, दोन-तीन मिनिटं. मग विचारतात, "हे काळं तुम्हाला हवंय ना?" समोरची म्हणते, "म्हणजे काय?" मग ताई समजावून सांगतात, आणि ताई शिकवायला लागल्या की लवकर थांबत नाहीत. धुणं मात्र साधं. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, लगेच कोरडं करायचं, वर मेणाचं बोट फिरवून फडक्याने पुसायचं. घरी लिंबू लावायचं नाही. अंघोळीत, घामात घालायचं नाही. पिशवीत वेगळं ठेवायचं.

एकदा एक बाई कडं घेऊन आली, सासूने लिंबाने घासून दिलेलं. रडवेली झाली होती. काकूंनी बरणी काढली आणि म्हणाल्या, "सासूबाईंना काही बोललात का?"

"बोलणार आहे आज."

"थोडं जपून बोला. त्यांना वाटलं असेल, तुम्हाला बरं वाटेल."

ताईंनी खिडकीपाशी बसल्या बसल्या एकदा काकूंकडे पाहिलं आणि परत हातातल्या झुमक्याला मेण लावू लागल्या.

यंदा उस्तादने शनिवारी सकाळी शिकवणी सुरू केली, तेव्हा दोघींनी नाव घातलं. ताईंचा हात ठोकण्यात चांगला बसला. काकूंची पहिली अंगठी कशीबशी गोल झाली आणि एका बाजूला जाड राहिली. ती त्यांनी काकांच्या बोटात घातली. काकांनी दोन दिवस मिरवली आणि तिसऱ्या दिवशी पंपावरून येऊन हात पुढे केला.

"बघ. बोट हिरवं झालं."

"तांबं आहे. होतंच," काकू म्हणाल्या. "आतून मेण लावायचं राहिलं माझं. काढा, द्या इकडे."

"बोट की अंगठी?"

"दोन्ही," ताई आतून म्हणाल्या. "आणि लिंबू आण म्हणावं. बोटाला चालतं."